शब्दाचा व्यापार

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे आपल्याकडे म्हणतात. विक्रीखात्यातील नोकरीची मुलाखत म्हणजे केवळ वाक्चातुर्याची परीक्षा, असे आमच्या शेळगावच्या पुष्कळ मुलामुलींना वाटते, ते याच समजुतीमुळे. मध्यंतरी आमचे काही माजी विद्यार्थी मालवाहतुकीच्या कंपन्यांत ‘सेल्स अकाउंट मॅनेजर’ या जागेसाठी मुलाखतीस निघाले, तेव्हा त्यांच्या पालकांनी मला दोन प्रश्न केले : ही नोकरी तरी कसली, आणि तेथे विचारतात तरी काय? शिक्षिका होण्यापूर्वी मी हे काम तीन वर्षे केले असल्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्यच होय.

येथे ‘अकाउंट’ म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे. किराणा दुकानात जशी आपली उचापत असते, तसे कायमचे गिऱ्हाईक म्हणजे अकाउंट. एखाद्या कारखान्याचा माल कोठून कोठे, किती व केव्हा जातो हे जाणून घ्यावयाचे, दर ठरवावयाचा आणि माल पोहोचेपर्यंत कारखानदाराला जबाब द्यावयाचा, हे या मनुष्याचे काम. कापडवाला कापड उलगडून दाखवितो. आमच्या तालुक्यातील बागाईतदार द्राक्षाचा घड हातात देतो. वाहतूकवाल्याजवळ दाखविण्यासारखे काहीच नसते. तो केवळ आपला शब्द विकतो.

२००३ साली पदवी घेऊन मी पुण्यास मुलाखती देऊ लागले. वडिलांचे आजारपण आणि धाकट्या भावाचे शिक्षण यांमुळे नोकरीची निकड होती. पहिल्या ठिकाणी माझी प्रमाणपत्रे कोणी उघडलीही नाहीत. ‘ट्रक, ड्रायव्हर आणि गोदामे यांत बाईमाणसाचे काय काम?’ एवढे विचारून मला निरोप देण्यात आला. परतीच्या एस्. टी. त मी इंदापूर येईपर्यंत कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या ठिकाणी गणित घातले. ६० सेंटिमीटर लांब, ५० रुंद व ४० उंच अशा खोक्यात ८ किलो कापूस आहे. तो विमानाने पाठविल्यास भाडे किती किलोंचे? तिन्ही मापांचा गुणाकार १,२०,०००. त्यास ६,००० ने भागले की २० येतात. विमानात वजनाइतकीच जागाही मोलाची, म्हणून दोहोंपैकी जो आकडा मोठा, त्याचे भाडे. माझे उत्तर बरोबर होते. तथापि ती जागा एका अनुभवी उमेदवारास मिळाली.

तिसऱ्या मुलाखतीत आम्हा तिघांना एकदमच आत बोलाविले. एका वयोवृद्ध अधिकाऱ्याने गिऱ्हाइकाची भूमिका घेतली. ‘माझी यंत्रे पुण्याहून मुंबईस शनिवारी सकाळी पोहोचली पाहिजेत. पोहोचवाल?’ पहिला उमेदवार ‘अवश्य’ म्हणाला. दुसऱ्याने पहाटेचीच हमी दिली. मी विचारले, ‘माल तयार केव्हा होईल? जकातीचे कागद कोण करणार?’ त्या काळी मुंबईच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या लांब रांगा लागत. हे नाके १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा बंद झाले. ‘माल शुक्रवारी रात्री तयार होईल, कागद तुम्ही करा,’ असे उत्तर आले. मी म्हटले, ‘मग सकाळची हमी मी देत नाही. सायंकाळपर्यंत पोहोचेल. सकाळी जेवढा अगदी हवाच, तेवढा माल गुरुवारी द्या.’

‘सकाळची हमी देणारे दोघे येथेच बसले आहेत. मी तुमच्याकडे का यावे?’

‘नाक्यावर गाडी अडकली, तर तिचा खरा ठावठिकाणा मी आपणांस टेलिफोनवर कळवीन, म्हणून.’

आठ दिवसांनी नेमणुकीचे पत्र आले. भावाचे शिक्षण त्या पगारातून पुरे झाले.

हा शब्दाचा व्यापार आपल्या परिसरास नवा नाही. ज्यांच्या नावाने जवळचे वालचंदनगर वसले, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह १९१९ साली सिंदिया कंपनी स्थापिली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. त्याची आठवण म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. बोट मिळविणे अवघड, पण तीत भरावयास माल मिळविणे त्याहून अवघड होते. परकी कंपन्यांनी भाडी उतरविली. शिवाय व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्याचा काही अंश त्या अडकवून ठेवीत, आणि ठराविक मुदतीत त्याने दुसऱ्याच्या बोटीतून माल पाठविला नाही, तरच परत करीत. अशा व्यापाऱ्याचे मन वळवावयास नुसते गोड बोलणे कसे पुरावे? आपला माल या नव्या बोटीतून सुखरूप पोहोचेल, असा भरवसा त्याला वाटावयास हवा होता.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पाठ केलेली इंग्रजी वाक्ये घेऊन मुलाखतीस जाऊ नका. आपल्या शेतातील डाळिंबे बाजारात जाईपर्यंत कोठे थांबतात, कोण उतरवितो, नासली तर तोटा कोणाच्या पदरी पडतो, आणि रिकाम्या परतणाऱ्या गाडीचे डिझेल कोणाच्या माथी बसते, हे घरी विचारून घ्या. मुलाखतीत बहुतेक हेच प्रश्न वेगळ्या नावांनी येतात. आणि सुज्ञ पालकहो, मुलगी ही विचारपूस करू लागली, तर तिलाही मुलाइतक्याच सविस्तरपणे उत्तर द्या. एके दिवशी तिला ते उपयोगी पडेल.