निळीचं पाणी

प्रयोगवहीचं एक पान कोरं असतं, समोरचं रेघी. कोऱ्यावर पेन्सिलीने आकृती काढायची आणि रेघीवर पेनाने उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान लिहायचं. सहावी ते आठवीतली बहुतेक मुलं यातलं शेवटचं आधी लिहून मोकळी होतात. अनुमान पुस्तकात छापलेलं असतंच, गाईडात तर ठळक अक्षरांत. मग त्याला शोभेलसं निरीक्षण वर भरायचं. लग्न ठरवून टाकल्यावर पत्रिका जुळवून घ्यावी, तसा हा कारभार.

तरी या तीन इयत्ता मला फार आवडतात. पाचवीपर्यंतचा ‘परिसर अभ्यास’ मागे पडलेला असतो आणि दहावी अजून लांब असते. मधल्या या मोकळ्या काळात ‘सामान्य विज्ञान’ भेटतं. हळदीचा कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो, जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी लिंबू पिळलं की रंग बदलतं, चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते. आपल्या फुंकेत काहीतरी आहे हे समोर दिसलं की वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगाही क्षणभर गप्प होतो. क्षणभरच, मग तो ती निवळी शेजाऱ्याच्या अंगावर उडवतो.

कांद्याच्या पापुद्र्याचा तास तर बघण्यासारखा असतो. चिमट्याने पातळ पापुद्रा सोडवायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर आयोडीनचा थेंब टाकायचा आणि आच्छादक काच अलगद तिरकी करत ठेवायची. अलगद ती कोण ठेवणार? घाईत हवा अडकते आणि सूक्ष्मदर्शकात काळ्या जाड कडेचे गोल दिसू लागतात. रांगेतली बाकीची मुलं भिंगात डोकावतात आणि वहीत पुस्तकातली आकृती उतरवतात. एखादा मात्र दिसलेला गोलच काढतो आणि खाली ‘पेशी’ लिहितो. नाव चुकलेलं असतं, पण डोळा चुकलेला नसतो. १६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाच्या पातळ कापात पाहिलेले कप्पे छापले, तेव्हा समोर ठेवून गिरवायला त्याच्यापाशी कुठली आकृती नव्हती. गोल काढणाऱ्याला मी आकृतीचे पूर्ण गुण देते आणि नाव तेवढं त्याच्याकडून बदलून घेते.

पण निरीक्षण आणि अनुमान यांचं खरं भांडण लागतं ते मेणबत्तीपाशी. परातीत निळीचं पाणी घ्यायचं, मधोमध मेणबत्ती घट्ट बसवून पेटवायची आणि वरून काचेचा पेला पालथा घालायचा. ज्योत बारकी होत विझते, पेल्यात पाणी चढतं. अनुमान पिढ्यान् पिढ्या पाठ आहे: ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, म्हणून पाणीही एक पंचमांश चढलं. इतकं सुबक आहे की शंका घेणाराच वेडा ठरावा.

आता नीट बघा. ज्योत जळत असते तोवर पाणी जवळपास जागचं हलत नाही. ती विझते, धुराची रेघ उठते आणि मग पाणी सर्रकन वर येतं. ऑक्सिजन जळता जळता संपत असेल, तर पाण्यानेही त्याच चालीने हळूहळू चढायला नको का? आणखी एक. पेला टेकवताना काठाखालून बुडबुडे निघतात. ज्योतीने तापलेली हवा फुगून बाहेर पडलेली असते. पुढे ज्योत विझली की आत उरलेली हवा गार होऊन आकसते, आतला दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत लोटतो. मेणाच्या ज्वलनातून झालेली वाफ गारठून पाणी होते, तिचाही हातभार लागतो. ऑक्सिजन तर संपतच नाही. हवेत तो साधारण २१ टक्के असतो. १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती मान टाकते, आणि जेवढा खर्च झाला त्यातल्या बऱ्याच भागाच्या जागी कार्बन डायऑक्साइड येऊन बसतो. तो एक पंचमांश म्हणजे पेला आणि मेणबत्ती यांच्या मापांचा योगायोग. मायकेल फॅरेडेने १८६०-६१च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर एकट्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. आम्ही ती एका तासिकेत उरकतो, त्यात हजेरीही घेतो.

खरा एक पंचमांश बघायचा असेल तर गंजाकडे जावं. परीक्षानळी आतून ओली करून तिला लोहकीस चिकटवायचा आणि ती पाण्यात पालथी उभी करायची. (भांडी घासायची चकचकीत तार इथे उपयोगाची नाही, क्रोमियम असलेलं ते पोलाद गंजायला तयार नसतं.) काही दिवसांत कीस तांबूस होतो आणि पाणी नळीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत येऊन थांबतं. इथे ज्योत नाही, बुडबुडे नाहीत. लोखंडाने ऑक्सिजन खरोखर धरून ठेवलेला असतो. पण या प्रयोगाला टाळ्या पडत नाहीत. विज्ञान प्रदर्शनात मांडला तर पाहुण्यांना काय दाखवायचं, गंज?

असं बघायला शिकवण्याचा मोठा उद्योग मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात झाला. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी तो सुरू केला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरांऐवजी प्रयोग आणि प्रश्न होते, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. पुण्यात टेल्को कंपनीत काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ साली तिथे गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून आकृत्या उभ्या करू लागले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी खेळणी घडवत राहिले. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला. त्याची कारणं मोठी असतील. मला वह्या तपासणारीला एक बारकं कारण ठाऊक आहे. चाळीस वह्यांत एकच अनुमान असलं की तासाभरात सही करून होतं. चाळीस मुलांनी खरंच काय काय पाहिलं ते वाचायचं, तर रविवार जातो.

पुन्हा परातीकडे येऊ. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या की पाणी आणखी चढतं. पेला तोच, हवा तेवढीच, आतला ऑक्सिजनही तेवढाच. हे दाखवलं की वर्गात गलका होतो. पहिल्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “बाई, मग परीक्षेत कुठलं लिहायचं?” तो रास्तच आहे, विचारणाऱ्याला गुण हवेत. पण एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी, वेणीची रिबीन निळीच्या पाण्यात बुडालेली, परातीवर वाकून म्हणाली, “बाई, ते बुडबुडे धरून ठेवता येतील का? बाहेर गेलेली हवा मोजली तर कळेल ना, पाणी कशाने चढलं ते.” परात उथळ होती, त्यात काही धरता येईना. मुलं शाळेच्या स्वयंपाकघरातून खिचडीचं रिकामं पातेलं घेऊन आली, आणि पुढच्या तासाला इतिहासाचे सर दारात येऊन उभे राहिले तरी कोणी जागेवर बसायला तयार नव्हतं.