वाया काय जातं, ते हातांना विचारा

कोथिंबिरीची अर्धी जुडी सडून गेली, हे घरात सर्वांत आधी कोणाला कळतं? महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्याला नाही, तर जी निवडायला बसते तिला. कारखान्यातही तसंच असतं. साहेबांच्या टेबलावर नुकसानीचा आकडा पोहोचतो, पण तो कुठल्या यंत्रापाशी, कुठल्या खोक्यात तयार झाला, हे तिथे दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं. त्याला कोणी विचारतं का? आणि विचारलं, तर तो मोकळेपणाने सांगतो का?

बंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला लागलं, की बिडदी येतं. ताटलीएवढ्या 'तट्टे इडली'साठी गाडी थांबवणाऱ्यांना हे गाव परिचयाचं आहे. इथेच टोयोटा किर्लोस्कर मोटरचा कारखाना आहे. कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली आणि १९९९ च्या अखेरीस इथे क्वालिस गाड्यांचं उत्पादन सुरू झालं. यातलं किर्लोस्कर हे नाव मराठी माणसाला नवं नाही. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर २०२२ मध्ये निधन होईपर्यंत या कंपनीचे उपाध्यक्ष होते.

वाया जाण्याला जपानी भाषेत 'मुदा' म्हणतात. आपल्याला त्यावरून भंगार, सांडलेलं तेल किंवा विनाकारण जळणारा दिवा आठवतो. टोयोटाचे इंजिनिअर ताईइची ओनो यांची नजर मात्र त्यापलीकडे गेली. गरजेपेक्षा जास्त बनवलेला माल, तो साठवायला लागणारी जागा, त्याची उगाच ने-आण, नको असलेली प्रक्रिया, सदोष वस्तू, ताटकळत थांबण्यात गेलेला वेळ आणि माणसाची फुकटची हालचाल, हे सगळं त्यांनी 'मुदा'त धरलं.

यातली फुकटची हालचाल गृहिणीला समजावून सांगावी लागणार नाही. मिठाची बरणी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला असली, की दिवसभरात किती खेपा होतात! समजा, नटांचा खोका कामगारापासून २ पावलं लांब आहे. जाऊन-येऊन ४ पावलं झाली. पाळीत २०० गाड्या समोरून सरकल्या, तर ८०० पावलं. खोका हाताशी आणायला दमडीही लागत नाही. पण ही ८०० पावलं कुठल्याही जमाखर्चात दिसत नाहीत. ती फक्त संध्याकाळी पोटऱ्यांना जाणवतात.

म्हणूनच टोयोटाने १९५१ मध्ये जपानमध्ये कामगारांकडून सूचना मागवण्याची रीत सुरू केली. त्यांच्या कारखान्यांत काही चुकतंय असं दिसलं, तर साधा कामगारही दोरी ओढून किंवा बटण दाबून काम थांबवू शकतो. सदोष भाग पुढे गेला, तर त्यावर आणखी दहा जणांची मेहनत वाया जाते, म्हणून तो तिथेच अडवायचा. आपल्याकडे सूचनापेट्या कमी नाहीत. कित्येक कचेऱ्यांत ती भिंतीवर टांगलेली असते. फक्त तिच्या कुलुपाची किल्ली कोणाकडे आहे, ते शिपायालाही आठवत नसतं! सूचनेला उत्तरच मिळालं नाही, तर दुसरी चिठ्ठी कोण टाकणार?

पण किल्लीपेक्षा मोठा अडसर मनात असतो. 'माझ्या युक्तीने चार जणांचं काम तिघांत भागलं, तर चौथा कोण? मीच तर नाही?' ही भीती वेडगळ नाही. सूचनांची रीत सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १९५० मध्ये, खुद्द टोयोटा अडचणीत सापडली होती. तेव्हा मोठा संप झाला, सुमारे २ हजार कामगारांना नोकरी सोडावी लागली आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही पद सोडलं. त्यानंतर कंपनी आणि संघटना यांनी परस्पर विश्वासाची घडी बसवायला बरीच वर्षं घेतली. १९६२ मध्ये दोघांनी मिळून तसा जाहीरनामा काढला. सूचनांचा ओघ या विश्वासावर पोसला गेला. नुसत्या बक्षिसांच्या लालचेने माणूस स्वतःच्या कामातली गळती दाखवत नाही.

बिडदीलाही ही घडी कायमची बसलेली नाही. २०१४ मध्ये वेतनाच्या वादातून तिथे टाळेबंदी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा ठिणगी पडली. कामाचा बोजा असह्य झाला आहे, असं कामगार म्हणत होते. व्यवस्थापन बेशिस्तीकडे बोट दाखवत होतं. पुन्हा टाळेबंदी झाली आणि तंटा २०२१ पर्यंत लांबला. कोण किती बरोबर होतं, याचा निवाडा लांबून करणं सोपं नाही. पण कामगाराचा एक प्रश्न रास्तच म्हणावा लागेल: खोका जवळ आणून जे दोन सेकंद वाचले, त्यांत त्याने कंबर सरळ करायची, की आणखी एक नट आवळायचा?