तीन प्रती, खोली एक

व्हीएमचा (आभासी मशीनचा) क्लस्टर बांधायचा म्हटलं की व्हेंडरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, आयओपीएस किती लागतील?’ मुंबईत देवनारला नोकरी करणाऱ्याने त्याआधी सर्व्हर रूमच्या एसीची जाळी काढून बघावी. इथलं डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं. जानेवारी 2016 मध्ये ते पेटलं तेव्हा धुराने उपनगरं कोंडली होती, पण एरवीही कुजणाऱ्या कचऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतच असतो आणि त्याला चांदी-तांबं फार आवडतं. बाद झालेल्या एका हार्डडिस्कचं बोर्ड मी स्क्रू काढून उलटं केलं, तर संपर्काच्या ठिपक्यांवर जुन्या पैंजणांसारखी काळपट पुटं चढलेली. शेजारच्या नोडमधल्या, एकाच लॉटमध्ये आलेल्या डिस्कवरही तशीच. तेव्हापासून स्टोरेज निवडताना मी आधी एवढंच बघतो की कोणकोणत्या वस्तू एकदम मरतील.

शेअर्ड स्टोरेज हवं कशाला? एक नोड पडला तर त्यावरच्या व्हीएम शेजारच्यावर उठाव्यात म्हणून. त्यासाठी एनएफएस किंवा आयस्कझीचा एकच डबा घेतला, तर तो डबा गेल्यावर सगळंच जातं. सेफ (Ceph) या स्टोरेज प्रणालीची गोष्ट वेगळी. सेज वाइल यांच्या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठीय संशोधनातून आलेली ही प्रणाली एकच मजकूर तीन नोडवर लिहिते आणि तिन्हीकडे पोचल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही. रचना देखणी आहे, वादच नाही. ब्रॉडकॉमने 2023 मध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून लायसन्सचे आकडे बघून बरेच जण प्रॉक्समॉक्स या मुक्त पर्यायाकडे वळले आणि तिथे सेफ चार क्लिकमध्ये बसतं. बसतं म्हणून बसवलं, असे क्लस्टर मग दिसू लागतात. साध्या एसएसडीत वीज गेल्यावर लिहिणं पुरं करणारे कपॅसिटर नसतात, त्यामुळे सेफ त्यांच्यावर रखडतं. तीनच नोड असतील तर एक पडल्यावर तिसरी प्रत नव्याने ठेवायला जागाच उरत नाही. त्यात तिन्ही प्रतींची खोली एक, यूपीएस एक, हवा एक. 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड कोसळून अख्ख्या मुंबईची वीज गेली, तशा वेळी प्रती किती याला अर्थ नसतो; बॅटरी संपायच्या आत सगळं नीट बंद झालं का, एवढंच उरतं.

अकाउंट्समध्ये विचारलं, ‘मॅडम, किती वेळचं काम गेलं तर चालेल?’ उत्तर आलं, ‘अजिबात नाही.’ चहा घेत तोच प्रश्न फाइलवार विचारला, तेव्हा रजेच्या नोंदी, आवक-जावक, कॅन्टीनची कुपनं हे सगळं पुन्हा टाकता येण्यासारखं निघालं. न चालणारा होता तो फक्त पगाराचा डेटाबेस आणि त्याला स्वतःची, व्यवहार-दर-व्यवहार चालणारी प्रत ठेवायची सोय होतीच.

म्हणून आम्ही शेअर्ड स्टोरेज घेतलंच नाही. प्रत्येक नोडवर झेडएफएस, दर 15 मिनिटांनी शेजारच्या नोडला बदलांची प्रत, रात्री एक प्रत पुण्याला. पंधरा मिनिटांचं नुकसान होऊ शकतं, हे कागदावर लिहून साहेबांची सही घेतली. स्टोरेजच्या कामात इतका उपयोगी कागद दुसरा नाही. वाचलेल्या पैशातून एसीला कार्बनचा फिल्टर आला.

पाच नोड, स्टोरेजसाठी वेगळं नेटवर्क आणि मी गावी असताना बिघडलेलं सेफ उघडू शकणारा दुसरा माणूस, एवढं मिळालं तर सेफ मी उद्या बसवीन. पहिल्या दोन गोष्टींचं कोटेशन व्हेंडरने लगेच पाठवलं.