जॉइंट अकाउंट

१९९७ साली मी एस.वाय.बी.कॉम.ला असताना एका मित्राची कॅसेट घरी आणली. वर नाव होतं 'द पोलीस'. वडिलांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं आणि म्हणाले, "पोलीस बँड? लाव लाव. सव्वीस जानेवारीला फार सुरेख वाजवतात." मी लावली. बिगूल नाही, परेड नाही. एक गोरा गृहस्थ उंच पट्टीत एका बाईचं नाव घेऊन कळवळत होता. वडिलांनी दोन मिनिटं सोसलं आणि विचारलं, "हा हवालदार रडतोय कशाला?"

तर हे तिघे. पोलिसांशी यांचा संबंध एवढाच, की ड्रम वाजवणारा स्ट्यूअर्ट कोपलंड याचे वडील अमेरिकेच्या सीआयएत होते. १९७७ साली लंडनमध्ये यानेच हे मंडळ काढलं. गायचा आणि बेस गिटार वाजवायचा तो स्टिंग. काळेपिवळे पट्टे असलेला स्वेटर घालायचा म्हणून मित्रांनी हे नाव पाडलं. मूळ नाव गॉर्डन सम्नर. शाळामास्तर होता, त्याआधी बसकंडक्टर, आणि (हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो) काही काळ इन्कमटॅक्सच्या ऑफिसात! म्हणजे आपल्यातलाच माणूस. तिसरा गिटारवाला अँडी समर्स, या दोघांहून आठ-दहा वर्षांनी मोठा. पहिला गिटारवाला दुसराच होता. समर्स मागून आला आणि थोड्याच दिवसांत पहिल्याला जावं लागलं. बँकेत याला आपण 'बदली' म्हणतो, आणि बदली कुणी घडवून आणली हे विचारत नाही.

तिघांचे केस पिवळेधमक. मला वाटलं वंशपरंपरा असेल. कसली? १९७८ साली च्युइंगगमच्या एका जाहिरातीसाठी रंगवले होते. रंग तसाच ठेवला आणि तीच ओळख झाली.

तेव्हा तिकडे 'पंक'ची लाट होती. तीन सूर यायला लागले की चौथा शिकायच्या आत स्टेजवर चढायचं, असा तो संप्रदाय. त्याच्या मागून आलेल्या 'न्यू वेव्ह'मध्ये ही मंडळी मोडतात. जोर पंकचा, पण हात शिकलेले. आणि त्यांनी त्यात जमैकाचा 'रेगे' मिसळला. रेगेची गंमत अशी, की जिथे ठोका पडायला हवा तिथे तो पडतच नाही. मला हे कळेना. मग आमच्या आळीतल्या तबला शिकवणाऱ्या गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "त्यात काय? रूपकात समेलाच खाली असते की!" झालं! जमैका आणि आमची आळी यांच्यामधला समुद्र आटला. तेव्हापासून मी कोपलंड ऐकतो तो तबलजी ऐकावा तसा. तो काय वाजवतो यापेक्षा काय गाळतो तिकडे कान ठेवून.

१९७८ ते १९८३, एवढ्यात पाच अल्बम आणि कारभार आटोपला. मार्च १९८० मध्ये जगाच्या दौऱ्यात ते चक्क मुंबईत वाजवून गेले. आमचे मामा तेव्हा गिरगावात, पण त्यांना पत्ताच नाही. पुढे मी सांगितलं तर म्हणाले, "पोलीस येऊन गेले आणि आम्हांला कळलं नाही, हे चाळीच्या दृष्टीने चांगलंच." ऑगस्ट १९८३ मध्ये न्यूयॉर्कचं शे स्टेडियम त्यांनी भरवलं. ब्राझीलचं 'ओस पारालामास दो सुसेसो' त्यांच्याच वळणावर वाढलं. परवापरवाचा ब्रूनो मार्सही त्यांचं ऋण कबूल करतो.

पण घरात काय चाललं होतं? शेवटचा अल्बम माँटसेरात बेटावर झाला तेव्हा तिघे तीन खोल्यांत बसून वाजवत होते. ड्रम तर जेवणघरात! आमच्या दोन काकांनी एकाच वाड्यात तीन चुली मांडल्या होत्या त्याची आठवण झाली. (तिसरी चूल आजीची.)

त्यातच ते गाणं निघालं, 'एव्हरी ब्रेथ यू टेक'. अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या नंबरावर. लोक लग्नात वाजवतात. वास्तविक तो माणूस प्रेयसीवर अष्टौप्रहर पाळत ठेवून आहे. प्रेमगीत कसलं, ते आमच्या एका मॅनेजरसाहेबांचं मनोगत आहे. पण गाणं कानात राहतं ते समर्सच्या गिटारीमुळे. आणि गीतकार-संगीतकार म्हणून नाव? एकट्या स्टिंगचं. १९९७ मध्ये पफ डॅडीने तीच गिटार उचलून नवं गाणं केलं, ते जगभर वाजलं, आणि हक्काचे पैसे गेले स्टिंगच्या खात्यात. वाजवलं समर्सने! २०२५ मध्ये समर्स आणि कोपलंड या दोघांनी लंडनच्या हायकोर्टात स्टिंगवर रॉयल्टीचा दावा लावला.

ही बातमी वाचून मी बायकोला म्हणालो, "बघ, खातं जॉइंट आणि सही एकट्याची! असं कधी असतं का?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अण्णांचं काय?"

अण्णा म्हणजे आमच्या शाखेतले कॅशियर. आता रिटायर झालेत. माझा पहिला विनोदी लेख एका दिवाळी अंकात आला तो त्यांच्या एका वाक्यावर. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ते म्हणाले होते, "आपण गिऱ्हाइकाच्या सहीकडे संशयाने बघतो, गिऱ्हाईक आपल्या रिकाम्या खुर्चीकडे." लेखातलं बाकीचं सगळं मी लिहिलं, पण भेटलेल्या प्रत्येक वाचकाने हेच वाक्य म्हणून दाखवलं. मी ते मान खाली घालून, विनयाने ऐकून घेतलं. मानधन पाचशे रुपये. अण्णांना चहा आणि एक वडा दिला होता. वडा शिळा होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. स्टिंगला येत असेल. त्याचा हिशोब मोठा आहे.

रविवारी पाकिटात अडीचशे रुपये घालून अण्णांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी नोटा काढल्या, सवयीने उजेडाकडे धरल्या, दोनदा मोजल्या.

"मुद्दल बरोबर आहे. व्याज?"

"अण्णा, सेव्हिंगच्या दराने की एफडीच्या?"

ते हसले नाहीत. थोडा वेळ पाकिटाकडे बघत राहिले आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली,

"अगं, बाहेर ये. तुझे पैसे आलेत."