सोनचाफ्याचं कूळ

लंडनच्या भाचीनं मार्चअखेरीला फोटो पाठवायचे आणि आम्ही इथे हळहळायचं, हे आता ठरूनच गेलंय. निष्पर्ण फांद्यांवर फुललेला गुलाबी-पांढरा मॅग्नोलिया. देखणा आहे, वादच नाही. पण हळहळ कशापायी? आपला सोनचाफाही मॅग्नोलियाच की! लिनियसनं १७५३ मध्ये त्याला मिशेलिया म्हटलं होतं. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला मॅग्नोलिया चंपाका म्हणतात.

दादरच्या फुलबाजारात तो वसई-पालघरकडच्या वाड्यांतून येतो. आपण घेतो, हुंगतो, देवाला वाहतो नाहीतर केसांत माळतो. एखादं फूल मात्र उकलून बघावं. कळीवरची लवदार टोपी उमलतानाच गळून गेलेली असते. पाकळ्या पंधराएक, आणि त्यांच्याखाली हिरवी निदलं नाहीतच. बाहेरपासून आतपर्यंत सगळा एकच पिवळाकेशरी पसारा. त्या बाजूला सारल्या की चपट्या पुंकेसरांची दाटी लागते आणि मधोमध, छोट्याशा दांडीवर, मळसूत्री रचलेले हिरवे स्त्रीकेसर. एखादं चिमुकलं कणीसच. नखानं दाबलं तरी कणखर लागतं. मॅग्नोलियाचं कूळ मधमाश्यांच्याही आधीचं मानतात. तेव्हा परागण करायचे भुंगेरे, आणि ते खादाड! त्यांच्या चावऱ्या तोंडापुढे टिकायचं तर असंच दणकट असायला हवं. पाकळीचं मात्र उलट: जरा हाताळली की डाग पडतो, संध्याकाळपर्यंत ती तपकिरी होते. वास तरीही जात नाही.

मॅग्नोलिया हे नाव माँपेल्येचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मान्योल यांच्या सन्मानार्थ शार्ल प्ल्युमिए या दुसऱ्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १७०३ मध्ये दिलं. गंमत अशी, की देवळापुढचा पांढरा चाफा, म्हणजे अमेरिकेतून आलेला प्लुमेरिया, खुद्द या प्ल्युमिएच्याच नावानं ओळखला जातो. सोनचाफ्याशी त्याचं रक्ताचं नातं मात्र काही नाही. कवठी चाफा तेवढा खरा भाऊबंद.

सोनचाफा लावायचा तर हल्ली सगळे कलम नेतात. दोन-तीन वर्षांत फुलतं, मोठ्या कुंडीत मावतं. फ्लॅटवाल्यांनी तेच न्यावं. बियांचं झाड फुलायला बरीच वर्षं लावतं, पण वाढतं ते चांगलं वृक्षासारखं. अंगणात जागा असेल तर बियांचंच लावा, आणि भिंतीपासून लांब लावा.