कुबेराचा डोळा

वऱ्हाडातल्या पिंपळगाव राजात एखाद्या जुन्या घरी आजीचा औषधांचा डबा उघडलात, तर हळकुंड-सुंठीच्या गर्दीत एक राखाडी, गुळगुळीत गृहस्थ अंग चोरून बसलेले दिसतील. हे सागरगोटे. मोठे मानी! संस्कृतात ‘कुबेराक्ष’, म्हणजे कुबेराचा डोळा, म्हटलेलं त्यांना फार आवडत असावं. अंगावरची चकाकी वर्षानुवर्षं उतरू देत नाहीत.

घराणं मात्र भांडकुदळ. वेलीला काटे, शेंगेलाही काटे, आत जेमतेम एक-दोन बिया. म्हणून तर शेताच्या कुंपणाला ही वेल लावतात. बी इतकी टणक, की समुद्रात पडली तरी तरंगत परक्या किनाऱ्याला लागते आणि तिथं रुजतेही. वऱ्हाडात समुद्र नाही, नाव मात्र सागराचंच मिरवतात.

तापटही आहेत. फरशीवर घासून कुणाच्या दंडाला टेकवा, असा चटका देतात की शेजारचं पोर किंचाळत आईकडे पळतं. तेच मुलींच्या हाती खेळायला गेले की मवाळ होतात: एक वर उडतो, बाकीचे मुठीत येतात, दुपार सरते.

खरा स्वभाव कवच फुटल्यावर कळतो. आतला गर असा कडू की तोंड वाकडं होतं. हिव भरून अंगाचा थरकाप झाला की बी भाजायची, फोडायची, गर मिऱ्यासोबत कुटून द्यायचा, ही जुनी रीत. 1868च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’तही गर आणि मिरी समभाग घेतलेलं चूर्ण आहे. पुढे केंद्राच्या आयुर्वेद संशोधन परिषदेनं हिवतापासाठी ‘आयुष-64’ ही गोळी केली. तिच्यात सातवीण, कुटकी, किराईत एकेक भाग आणि आमचे हे दोन भाग!

पण क्लोरोक्विन या औषधाशी गाठ पडली तेव्हा हे गृहस्थ थकले. 2000 साली छापून आलेल्या चाचणीत व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापाचे सगळे रुग्ण क्लोरोक्विननं बरे झाले, ‘आयुष-64’नं जेमतेम निम्मे. माझा यांच्यावर जीव जडलेला आहे, तरीही सांगते: हिव भरलं की आधी रक्त तपासा, दवाखान्याच्या गोळ्या घ्या. ताप उतरला म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्यांचे 14 दिवस अर्धवट सोडू नका.

त्या 14 दिवसांत हिवतापानं अशक्त झालेली आजीची नात उन्हात जाऊ शकत नाही. ओसरीवर बसून ती डबा उघडते आणि पाच सागरगोटे निवडते.