पुनर्गठन

अण्णांच्या पेटीत दोन पुस्तके शेजारी शेजारी असत. एक बँकेचे पासबुक आणि दुसरी दोनशे पानी वही. पासबुकात बँक लिही, वहीत अण्णा. २०१६ पर्यंत या दोन्हींतले आकडे जुळत. पुढली पाच वर्षे ते क्वचितच जुळले. त्यामागे चोरी नव्हती की बेरजेची चूक नव्हती. 'पुनर्गठन' नावाचा एक शब्द होता.

२०१५ चा खरीप मराठवाड्यात कोरडाच गेला. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी सोयाबीन शेंगा भरण्याआधीच वाळले. अण्णांनी त्या जूनमध्ये १,२०,००० रुपयांचे पीककर्ज उचलले होते. या कर्जाचे गणित तसे सरळ होते. ३ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, आणि मुदतीत फेडले तर त्यातले ३ टक्के केंद्र सरकार सोडी. अण्णांनी ही सवलत कधी गमावली नव्हती. 'नियमित खातेदार' हे शब्द ते एखाद्या पदवीसारखे उच्चारीत.

आपत्तीत पीक बुडाले तर पीककर्जाचे रूपांतर मुदतकर्जात करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली होती. त्यासाठी लागणारी नुकसानीची अट २०१५ साली ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आली. निम्म्याहून अधिक पीक गेले असेल तर पाच वर्षांपर्यंतची मुदत, आणि त्यातले पहिले वर्ष वसुलीविना. २०१६ च्या उन्हाळ्यात अण्णांनी संमतीपत्रावर सही केली. ३०,००० रुपयांचे चार वार्षिक हप्ते, वर व्याज. पहिला हप्ता मार्च २०१८ मध्ये. थकबाकीचा डाग टळला. मात्र चार टक्क्यांचे ते स्वस्त व्याज गेले आणि पहिल्या वर्षानंतर बँकेचा नेहमीचा दर लागू झाला. सही करताना यातले किती त्यांना समजले होते, हे मी विचारले नाही. मी शहरात नोकरी करणारा, शिकलेला मुलगा. विचारणे माझे काम होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आडत्याने सोयाबीनचे ३७,८०० रुपये खात्यावर जमा केले. हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती. अण्णा शाखेत गेले, तेव्हा त्यांना ७,८०० रुपयेच काढता येतील असे सांगण्यात आले. उरलेल्या ३०,००० वर 'होल्ड' होता. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"पैसा पुस्तकात दिसायलाय रे, पण हाती येईना."

त्या एका वाक्याने मला जे समजले ते कोणत्याही परिपत्रकाने समजले नसते. कर्जखाते वेगळे आणि बचत खाते वेगळे, अशी आमची भाबडी समजूत होती. बँकेच्या लेखी खातेदार एकच असतो. १८७२ च्या करार कायद्यातले १७१ वे कलम बँकेला आपल्या येण्यापोटी ग्राहकाची ताब्यातली मालमत्ता रोखून धरू देते. शिल्लक कर्जाकडे वळती करण्याची प्रथाही जुनी आहे. पण वजावट करायची तर येणे देय झालेले हवे. मार्चचा हप्ता नोव्हेंबरात देय कसा झाला? दुष्काळाने दिलेली मुदत बँकेने कागदावर मान्य केली होती आणि गल्ल्यावर नाकारली होती.

मी अर्ज लिहून दिला, त्याची पोच घेतली, एक प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे पाठवली. एकोणीस दिवसांनी होल्ड उठला. तोवर जमिनीतला वाफसा गेला होता. बियाणे उधारीवर आणून अण्णांनी पेरले, उतारा कमी पडला. मार्चमध्ये त्यांनी हप्ता मात्र तारखेच्या आत भरला.

आईच्या नावाने दुसऱ्या बँकेत खाते उघडून दुधाचे पैसे तिकडे वळवावेत, असे मी आधीच सुचवले होते. तेव्हा अण्णा चिडले होते. "आपण काय पैसे लपवणारे आहोत का?" होल्डच्या प्रकरणानंतर त्यांनी ते मुकाट्याने केले. वहीत त्या रकमांपुढे ते 'तिचे' असे लिहू लागले. सोय म्हणून ते योग्यच होते. तरीही ज्या माणसाने आयुष्यभर एकच हिशेब ठेवला, त्याला दोन हिशेब ठेवायला मी शिकवले, ही बोच राहिलीच.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले, २ लाखांपर्यंतचे पीककर्ज माफ; पुनर्गठित कर्जही त्यात होते. शेजाऱ्याचे नाव यादीत आले. त्याने एकही हप्ता भरला नव्हता, कारण भरायला त्याच्याकडे नव्हतेच. अण्णांचे दोन हप्ते वेळेवर गेलेले, त्यामुळे थकीत काहीच नव्हते. मला राग आला. अण्णा म्हणाले, "त्याचं फिटलं, बरं झालं." उरलेले दोन हप्ते त्यांनी भरले. २०२२ मध्ये ते गेले.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमचे रान पुन्हा पाण्याखाली गेले. ऑक्टोबरात सरकारने वसुलीला स्थगिती आणि कर्जाचे पुनर्गठन जाहीर केले. धाकट्याचा फोन आला, "दादा, संमतीपत्रावर सही करावी का?"

कर म्हणालो. पण आधी हप्त्यांच्या तारखा लेखी घे, पहिल्या वर्षानंतरचा व्याजदर विचार, आणि तारखेआधी बचत खात्यातली रक्कम रोखणार नाही, हेही लिहून माग. देणार नाहीत कदाचित, पण मागितल्याची पोच तरी घे.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णांची वही अजून पेटीतच हाये. बरीच पानं कोरी हायेत."